मासिकाच्या मुखपृष्ठावरचा डोंगर

पोर्ट लुई, मॉरिशस, शनिवार, ८ मे १८५८. सकाळी कॉलेजात काम, दुपारी छापखाना, संध्याकाळी घरी.

मंडळी, माझा धाकटा भाऊ विष्णू गेल्या महिन्यात तापाने गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या नव्या मासिकाचं मुखपृष्ठ त्याने शिळाछापाच्या दगडावर काढून ठेवलं होतं. शहरात कॉलेजला कुणी मोजत नाही, म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांची सारी भिस्त या मासिकावर.

दगड पाहून मी धास्तावलो होतो. कॉलेजच्या उजवीकडचा डोंगर डावीकडे गेला होता. आजारपणात विष्णू घरी, कॉलेज आणि डोंगर दिसणाऱ्या खिडकीकडे पाठ करून, समोर आरसा ठेवून बसायचा. तापात त्याचं भान गेलं असेल, असं मला वाटलं. त्याच्या शेवटच्या कामाला लोक हसतील, या भीतीने मी गप्प राहिलो.

आज छापखान्यातल्या रामजीने दगडावरून पहिला कागद उचलला. डोंगर जागच्या जागी होता, पायथ्याच्या उसाच्या तुऱ्यांसकट. माझे हात आपोआप जोडले गेले.

“कारकूनसाहेब, तोंड का सुकलं होतं तुमचं?” रामजी म्हणाला. “दगडावर उलटं काढलं, तरच कागदावर सुलटं येतं. त्यासाठीच आरसा लागतो.”

छापखान्यात आलेले प्रिन्सिपॉलसाहेब कागद उजेडात धरून बघू लागले. मग हळूच म्हणाले, “आता लोक आपलं कॉलेज बघतील.”

विष्णू आरशात डोंगर बघत होता. शेजारी बसून मला ते कळलं नाही. आपल्या माणसाचं काम तुम्ही कधी नीट पाहिलंय का?

घरी येऊन मी तो आरसा पुसला, खिळ्याला टांगला आणि त्यात बघून दाढी केली.