न्या की म्हणणारे मिस्त्री

"न्या की!"

मिस्त्रींच्या दारात कुणी काही मागायला गेलं, की आतून हे दोन शब्द यायचे. काय मागितलंय ते नीट ऐकून घ्यायच्या आधीच यायचे. शिडी, करवत, सायकलचा पंप, पाहुणे आले म्हणून खाट. एकदा मी त्यांनी नेलेली माझी शिडी परत आणायला गेलो, तर ती त्यांनी भलत्यालाच देऊन टाकलेली. मी तावातावानं बोलायला लागलो, तर म्हणाले, "अवो, त्येला बी नड हुती की. तुमी माझी न्या." त्यांची शिडी त्याआधीच कुणीतरी नेली होती.

असा एक तरी माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला भोळा म्हणतो आणि त्याचाच पंप वापरतो.

आम्ही दोघं शिरोलीच्या एकाच फाउंड्रीत. मी ऑफिसात, ते पॅटर्न शॉपला. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. मिस्त्रींनी केलेला पॅटर्न हातात घेतला की खाली ठेवू नये असं वाटायचं. मालकांच्या मुलानं परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. नुसतीच बटणं असलेलं यंत्र, ते टीव्हीला जोडायचं. नवा घेतल्यावर त्यानं हा जुना मिस्त्रींना देऊन टाकला, आणि मिस्त्रींनी तो आपल्या मुलीला, नसीमला दिला.

नसीम तेव्हा चौथी-पाचवीत असेल. शाळेतून आली की दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायची. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक अक्षर अक्षर लावत तिनं पडद्यावर आपलं नाव उमटवलं, तेव्हा मिस्त्री अख्ख्या गल्लीला बोलावून घेऊन गेले होते. पडदाभर नुसतं नसीम, नसीम, नसीम. कर्कटकानं तिनं यंत्राच्या पोटावरही नाव कोरून ठेवलं होतं.

आणि एक दिवस कबनूरचे कुणी पाहुणे आले. "चार दिस पोरास्नी दावाय नेतो," म्हणाले. मिस्त्री काय म्हणाले असतील ते तुम्हाला ठाऊक आहे.

कॉम्प्युटर परत आला नाही. पाहुण्यांनी तो आणखी कुणाला दिला, त्यानं आणखी कुणाला. नसीम रडली नाही. एवढंच म्हणाली, "अब्बा, मला इचारायचं तरी." त्यानंतर तिनं वडिलांकडं कधी काही मागितलं नाही. शिकली, पुण्याला नोकरीला लागली, सणासुदीला यायची, हसायची, बोलायची. पण मागायची नाही. जो माणूस साऱ्या गल्लीला देत सुटला होता, त्याच्याकडं त्याची स्वतःची मुलगी काही मागत नव्हती. मिस्त्री मला एकदा म्हणाले, "पोरगी कायबी मागत न्हाय वो माझ्याकडं. त्ये लागतंय."

तेव्हापासून त्यांचा शोध सुरू झाला. एसटीत शेजारी बसलेला माणूस असो की मयताला आलेला, मिस्त्री विचारणार, "पावणं, तुमच्याकडं टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर हाय काय?" मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेताना त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टर नर्सला म्हणाले, "यांना आत्ताच भूल दिली काय?" आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. मिस्त्री रिटायर झाले, डबड्यासारखे टीव्ही जाऊन भिंतीवरचे आले, कॉम्प्युटर माणसांच्या खिशात आले. प्रश्न तोच राहिला.

गेल्या वर्षी कबनूरला एका लग्नात त्यांनी जेवताना शेजारच्या माणसाला हेच विचारलं. मी पलीकडं बसलो होतो, लाजेनं मान खाली घातली. तो माणूस घास हातात धरून थांबला.

"नुसत्या बटनांचं त्ये? आमच्या शेडात माळ्यावर हाय की तसलं."

मिस्त्री बिर्याणी अर्धी टाकून उठले. मलाही उठवलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. माळ्यावर मोडक्या सामानाच्या ढिगाखाली ते यंत्र सापडलं, फटीफटीत कापसाचा तूस भरलेला. मिस्त्रींनी ते उलटं केलं, अंगठ्यानं पुसलं आणि मला वाचायला लावलं. "नसीम," मी ओरडून म्हणालो. मागांच्या आवाजात ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी माझा हात घट्ट धरला.

टीव्ही दुरुस्त करणारा एक जुना माणूस त्यांनी शोधून काढला. त्यानं तूस साफ केला, आतले फुगलेले भाग बदलले, नवा ॲडॉप्टर लावला. जुन्या पद्धतीचा टीव्ही मिस्त्रींनी कुणाला तरी दिलेला होताच. तो ते जाऊन घेऊन आले. दिलेली वस्तू त्यांनी परत मागितल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. पडदा उजळला, अक्षरं उमटली. फक्त दोन शब्दांमध्ये जागा सोडायचं खालचं लांब बटण गायब होतं.

"त्ये मी करतो," मिस्त्री म्हणाले. "सागवानाचं."

बारीक रेघा त्यांना नीट दिसत नव्हत्या, म्हणून माप मी घेतलं, माझ्या फूटपट्टीनं, आणि आकडा त्यांना सांगितला. बटण घासून, पॉलिश होऊन आलं. देखणं होतं. बसवून दाबलं, तर खाली गेलेलं वर येईना. पडद्यावरचा ठिपका एकटाच पळत सुटला.

"तुमचं माप चुकलं," मिस्त्री म्हणाले.

"तुमचं कापणं चुकलं," मी म्हणालो.

मग आमचं बोलणंच बंद. शेवटी तेच आले, कपाळावर हात मारून घेत, हातात त्यांची फूटपट्टी. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरा मोठा. मिस्त्रींची साधी फूटपट्टी कुणीतरी नेली होती. ही दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही, म्हणून तेवढीच घरात उरलेली, आणि बटण त्यांनी तिनंच मापून कापलं होतं.

"जलमभर समदं आटंल म्हणून मोठं करत आलो बगा," ते म्हणाले. "हितं काय आटायचं हुतं?"

दुसरं बटण त्यांनी माझ्या फूटपट्टीनं केलं. ते बसलं.

ईदला नसीम आली. टीव्हीसमोर यंत्र, त्यावर रुमाल. रुमाल काढल्यावर ती नुसती उभी राहिली. मग फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. यंत्र उलटं करून नाव बघितलं. कुणाला काही न विचारता टाईप करायला लागली. नावापुढं जागा सोडायला अंगठा सागवानावर पडला तशी थांबली.

"हे तुम्ही केलं?"

"व्हय."

पडदाभर नसीम, नसीम, नसीम.

मला भरून आलं. असं झालं की मी काहीतरी आचरट बोलतो. म्हणालो, "मिस्त्री, नातू आलाय सुट्टीला. दोन दिवस दाखवायला नेऊ काय?"

"न्या..." सवयीनं तोंडातून गेलंच. आणि मिस्त्री थांबले. इतक्या वर्षांत हा शब्द अर्ध्यावर थांबलेला मी ऐकला नव्हता. ते मुलीकडं वळले.

"नसीम," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, "दिऊ काय गं?"

नसीमनं पडद्यावरची नजर काढली नाही. पदरानं डोळे पुसले.

"आधी माझं होऊ दे," ती म्हणाली. "आणि अब्बा, ह्याला पुण्याला न्यायला एक पेटी करून द्या मला. सागवानाची."

मिस्त्री उठलेच. दारातून मला म्हणाले, "तुमची फूटपट्टी द्या वो."

आता मिस्त्री पुण्याला नसीमकडंच राहतात. त्यांच्या दाराला कुलूप आहे, आणि गल्लीतली माणसं शिडीसाठी माझ्याकडं येतात. माझी फूटपट्टी त्यांच्याबरोबर गेली. एव्हाना तिकडं कुणाला तरी देऊनही टाकली असेल. मी परत मागितलेली नाही.