दगडांची उष्टी हळद

वैशाखातल्या सकाळी, नुकत्याच तापू लागलेल्या काळ्या दगडावर ओली हळद लावली की एक वास उठतो. माती, तेल आणि ऊन यांचा मिळून झालेला. मला तो कुठल्याही अत्तराहून प्रिय आहे, आणि तो घ्यायचा तर झरी गावापलीकडच्या माळावरच जायला हवं. तिथे काही पुरुषभर उंचीचे, काही जेमतेम गुडघ्याएवढे दगड वर्तुळ धरून उभे आहेत. भोवती वाळलेलं गवत, ताडांची विरळ रांग, आणि सगळ्यावर अशी गाढ शांतता पसरलेली, की आपलाच आवाज आपल्याला उद्धट वाटावा!

माळालगतच्या वस्तीवरचे लोक या दगडांना वऱ्हाड म्हणतात. फार पूर्वी एक वऱ्हाड इथे जेवायला बसलं. मुहूर्त टळेल म्हणून मंडळी घाईने उठली आणि पंगतीच्या टोकाचा एक म्हातारा अर्धपोटी राहिला. त्याचा तळतळाट भोवला, आणि सगळे जागच्या जागी शिळा झाले. तेव्हापासून या वस्तीत शेवटच्या माणसाचा घास संपल्याखेरीज पंगत उठत नाही. मी सावकाश जेवणारी, त्यामुळे या कथेचा मला फार मोठा आधार आहे! आणि तेव्हापासूनच लग्नातली पहिली हळद या दगडांना लागते, मग त्यांची उष्टी हळद नवरीला. अडकून पडलेल्यांचं लग्न त्यामुळे थोडं पुढे सरकतं म्हणे. शाप मिळालेल्यांचीही इतकी काळजी घेणारी कल्पना कुणाला सुचली असेल?

ही थडगी आहेत हे मला ठाऊक होतं. डहाणू रोडच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अतिप्राचीन माणसांनी आपल्या मृतांभोवती उभारलेल्या अशा शिळांविषयी मी वाचलं होतं, आणि एका पावसाळ्यात वर्तुळाची कड ढासळली तेव्हा आतली खापरं आणि हाडांचे तुकडे डोळ्यांनी पाहिलेही होते. पण सत्य विचारणाऱ्याला सांगावं, न विचारणाऱ्याच्या दारात नेऊन टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. ते आजही बदललेलं नाही.

यंदा मात्र विचारणारं कुणी भेटलं. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा हिचं लग्न होतं. दगडांना हळद लावून झाली होती, वाटी तिच्या आईच्या हातात होती, सवाशिणी गात होत्या. नवऱ्या मुलाची आई लक्ष्मीबाई कैनाडहून आलेली; मागच्या वर्षी तिचा नवरा गेला, म्हणून रीतीप्रमाणे ती हळदीपासून दूर, ताडाखाली उभी होती. बराच वेळ ती दगडांकडे पाहत राहिली, आणि मग तिथूनच म्हणाली,

“बाई, माझे घरवाल्याला पुरला तिथं पण असाच दगड उभा केलाय. खरा सांगा, ही थडगीच ना?”

गाणं थांबलं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. थडग्याची उष्टी हळद नवरीच्या अंगाला कशी लावायची? आणि न लावावी, तर पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मोडून ही पोर सासरी कोणत्या आशीर्वादावर जायची? माझ्या एका शब्दावर तिचं लग्न अडणार, हे मला लख्ख दिसत होतं. पण खोटं बोलणं मला जमत नाही.

“हो,” मी म्हटलं, “थडगीच आहेत.”

सुनंदाची आई वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

“आयेला पण हीच हळद लागलेली,” पाटावरून सुनंदा म्हणाली. “तिचा काय वाईट झाला?”

“तवा माहीत नव्हता,” एक सवाशीण पुटपुटली.

तेव्हा लक्ष्मीबाई ताडाखालून निघाली. सवाशिणींच्या मधून वाट काढत ती सर्वांत उंच दगडापाशी आली आणि त्यावरच्या ओल्या हळदीकडे बघत राहिली.

“मेलेल्याला हळद चालते,” ती सावकाश म्हणाली. “मंग मी तर जिती हाय.”

दगडावरची हळद बोटांवर घेऊन ती सुनेपुढे बसली आणि तिच्या दोन्ही गालांना तिने ती लावली. सुनंदाने डोळे मिटून घेतले. मला रडू आवरलं नाही, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

इतिहासाने दंतकथा मरते, अशी भीती विद्वानांना वाटत असते. खुशाल वाटो! त्याच महिन्यात वस्तीवर दुसरं लग्न निघालं. अर्धपोटी म्हाताऱ्याची गोष्ट पाहुण्यांना पूर्वीइतक्याच रंगवून सांगितली गेली. त्या वऱ्हाडातलं कुणी कधी मेलं होतं, असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटलं नाही. मग हळद निघाली. वस्तीवरच्या दोन विधवा बाया कडेला उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर सावरला आणि वाटीपाशी आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.