पूजेसाठी सोडवलेले बोल्ट

उरवड्याच्या कंपनीत मी ड्रिल मशीनवर होते. सासऱ्यांची जमीन कंपनीत गेली आणि तिच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती माझ्या वाट्याला आली. त्यामुळे कंपनी बंद करून मशिनरी परराज्यात न्यायचं चाललंय हे कानावर आलं तेव्हा मनात एकच आलं. जमीन गेलीच होती, आता हेही जाणार?

युनियनचे सेक्रेटरी लातूरकडचे, मारुंजीला भाड्यानं राहणारे. माणूस शांत, पण हिशेबी डोक्याचा. त्यांनी एकच बजावलं. कामगार आयुक्तांकडे तक्रार केलीय, निकाल लागेपर्यंत एकही मशीन गेटबाहेर जाऊ द्यायचं नाही. मशिनं आत आहेत तोवर आपल्या बोलण्याला वजन आहे. मग आम्ही गेटवर आळीपाळीनं बसायला लागलो, बायका दिवसा आणि पुरुष रात्री. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टेंपोची ताडपत्री वर करून बघायचो. ड्रायव्हर शिव्या घालायचे. घालू देत, आमचं काय जातंय!

तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. धुऊन-पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालायचा. आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे कंपनीच्या नियमांत नव्हतं, पण इतक्या वर्षांत कुणी मोडलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्या वर्षी मॅनेजरसाहेबांना भारीच उमाळा आला. रंगाचे डबे आणवले. म्हणाले, खाली तेल साचून गंज चढलाय, पायाचे बोल्ट सोडवा, मशीन उचलून खालूनही साफ करा. केबलीही काढून ठेवा, धुताना शॉक नको. आम्ही हुरळून गेलो. बंद करायची कंपनी कुणी रंगवतं होय? फिटर लोकांनी एकेक मशीन मोकळं केलं. मी माझ्या ड्रिलला दोन हात हिरवा रंग दिला. बोल्ट परत आवळायचा विषय निघाला तर साहेब म्हणाले, रंग वाळू द्या, सण झाल्यावर बघू.

पूजेला साहेब बायकोला घेऊन आले. स्वतः पेढे वाटले. आज तरी गेटवर बसू नका, पोराबाळांत जा, असं अगदी घरच्यासारखं म्हणाले. सेक्रेटरी म्हणत होते, चार माणसं तरी राहू देत. आम्ही त्यांचीच टर उडवली. आमच्यातला सगळ्यांत जुना फिटर म्हणाला, "पूजा झालेल्या मशीनला कोन हात लावतंय? त्यांला काय देव न्हाईत व्हय?" शेवटी सेक्रेटरीही हसले आणि घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेट उघडं होतं. कार्ड पंच झालं. डब्याची पिशवी ठेवून मी शेडमध्ये शिरले. शेड रिकामी. एक मशीन नाही. माझ्या ड्रिलच्या जागी जमिनीत चार भोकं. मला वाटलं, आपण भलत्याच शेडमध्ये आलो. देवाशप्पथ, मी बाहेर येऊन पाटी वाचली आणि परत आत गेले. जुना फिटर एकेका भोकात बोट घालून बघत होता. वॉचमन सांगत होता, नवमीला तुम्ही गेलात आणि लगेच क्रेन आली, ट्रेलर आले, साहेब स्वतः उभे होते. मशिनं हारासकट चढवली.

हारासकट! कंपनी गेल्याचा धक्का होताच, पण हे ऐकून माझं डोकंच बधिर झालं. प्रसाद हातावर ठेवून माणूस असा गळा कापतो? आजही मला हे खरं वाटत नाही.

कामगार आयुक्तांच्या ऑफिसात कंपनीचा वकील म्हणाला, मशिनं कामगारांनीच राजीखुशीनं सोडवून दिली. ऑफिसरनं आमच्याकडे पाहिलं आणि बोल्ट कुणी काढले एवढंच विचारलं. सेक्रेटरी खाली बघत होते. मी उठले.

"आमीच काढलं, सायेब. पूजेसाठी."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाकून वाचलं. कामगारांनी बोल्ट काढले, एवढंच होतं. मी म्हणाले, पूजेचं पण लिवा की. ते म्हणाले, "बाई, त्याचा इथं काय संबंध?"