चाक थांबायच्या आधी

वलगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत पिठाची चक्की आहे. शेतात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर अशी भाजी निघते, ती सासूबाई आणि भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, पाहतात. माझे मिस्टर नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. चक्की माझ्या मोठ्या जावेची, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोची. मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर अकोल्यातल्या जठारपेठेतलं, त्यामुळे लग्नाआधी चक्की मी फक्त डबा घेऊन उभी राहण्यापुरती पाहिली होती. ती चालवायची कशी, ते मला जावेनंच शिकवलं.

पावसाळ्यात हवा दमट झाली की मोटरीवरून चाकावर जाणारा पट्टा सटकायचा. पट्ट्यावर पीठ बसून तो गुळगुळीत व्हायचा, मोटर फिरायची आणि दगड मात्र रडतखडत चालायचा. मग जाऊ खाली बसून पट्ट्याला राळ लावायची. राळेनं पट्टा चाकाला धरून राहतो. मोटरीचं बटन भिंतीवर, दाराजवळ. ते बंद करायचं काम माझं. जाऊ पोत्यांच्या आड बसलेली असायची, तिथून तिला चाक नीट दिसत नसे. मी सांगितलं की ती हात घालायची.

त्या दिवशी सकाळी मला बसची घाई होती. शेजारीण गव्हाचा डबा घेऊन ओट्यावर थांबली होती.

"पट्टा सटकून राहिला व," जाऊ आतून म्हणाली. "बंद कर जरा."

मी बटन दाबलं आणि म्हणाले, "केली बंद, ताई. लावा." आणि पायात चपला घालायला वळले.

एरवी बटन दाबल्यावर चाक लवकर थांबायचं, कारण दगडांमध्ये धान्य असायचं. धान्याचं घासणंच त्याला अडवायचं. त्या दिवशी मागचं दळण पूर्ण निघालं होतं. दगड मोकळे होते, आणि इतका जड दगड एकदा फिरायला लागला की वीज गेली म्हणून लगेच उभा राहत नाही. मोटरीचा आवाज बंद झाला होता, चाक फिरतच होतं. हे मी दरवर्षी पोरींना फळ्यावर शिकवते. जडत्व म्हणजे काय, घर्षण कमी झालं तर काय होतं, सगळं.

जावेचा आवाज फार मोठा आला नाही. "अवं," एवढंच म्हणाली. मी धावले तेव्हा तिचा उजवा हात पट्टा आणि चाकाच्या मधून निघाला होता आणि मधल्या दोन बोटांची पेरं राहिली नव्हती.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "माह्याच हातानं झालं. मी घाई केली." भासऱ्यांनाही तिनं तेच सांगितलं. घरी सासूबाईंना तेच. मी दर वेळी तिथंच उभी होते आणि दर वेळी गप्प राहिले. दोन-तीन वेळा गप्प राहिल्यावर बोलणं आणखी जड झालं.

तेव्हापासून चक्की बंदच राहिली. मी जावेची वेणी घालायचे, ब्लाउजचे हूक लावून द्यायचे. ती म्हणायची, "किती करतं तू माह्यासाठी." ते ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटे. शाळेत गतीचा धडा आला तेव्हा मी तो वाचून दाखवला आणि पुढच्या धड्याकडे वळले. प्रयोग केला नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधत होतो. तिला गाठ जमत नव्हती. सुतळी पुन्हा पुन्हा सुटत होती. मी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, त्या दिवशी चाक फिरत होतं. मी पाहिलंच नव्हतं. नुसतं बटन दाबलं अन् लावा म्हटलं."

ती सुतळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मले आठवते."

"मग तुमी कोणाले सांगितलं काहून नाही?"

"सांगून बोटं वापस येनार होती का? अन् तुले या घरात राहाचं हाये." तिनं जुडी खाली ठेवली. "पन तू सांगशीन म्हनून मी वाट पाहून राहिली होती. पैल्या दिवशी वाटलं, आज सांगशीन. मंग वाटलं, उद्या सांगशीन. मंग मी पाहनंच सोडलं."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी सासूबाई आणि भासऱ्यांसमोर सगळं सांगितलं. भासरे उठून बाहेर गेले. सासूबाईंनी विचारलं, "इतके दिवस झोप कशी लागली तुले?"

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्यावर चिडली. "मले सांगितलं तेवढं बस होतं," ती म्हणाली. "आता ह्याईच्या पुढे मी खोटी पडली. दवाखान्यात मी काय सांगितलं होतं, ते इचारून राहिले मले." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझा जीव हलका करायला निघाले होते, आणि तिनं घरासाठी बोललेलं खोटं उघडं पडलं होतं.

भासऱ्यांनी मिस्त्री बोलावून पट्ट्याला जाळी बसवली आणि बटन आत, चाकाजवळ घेतलं. चक्की पुन्हा सुरू झाली. जाऊ डाव्या हातानं सूप धरायला शिकली आहे. भासरे माझ्याशी पूर्वीसारखंच कामापुरतं बोलतात. सासूबाई मात्र मला काही सांगायचं असलं तर अजून जावेकरवी सांगतात, मी त्याच खोलीत असले तरी. जाऊ मग माझ्याकडे बघते आणि त्यांचा निरोप मला शब्दाला शब्द पुन्हा सांगते.