गिळलेली शिट्टी

निजामाच्या अमलात तालुक्याच्या गावी मी कवायत मास्तर होतो. होतो म्हणजे, हंगामी होतो. माझं लग्न झालेलं, पण बायको तलवाड्याला माहेरीच. सासऱ्यांनी मांडवातच बजावलं होतं, "जावईबापू, नोकरी मुस्तकिल करून घ्या, मंग लेक नांदायला धाडतो." मुस्तकिल म्हणजे कायम. आणि ते व्हायचं तर तहसीलदार साहेबांची शिफारस पाहिजे. माझा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता आणि माझा सगळा जीव त्या कागदात अडकला होता.

साहेब हैदराबादचे, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले. मीही हैदराबादला कवायतीच्या तालमीला जाऊन हा खेळ शिकून आलो होतो. साहेबांनी कचेरीतल्या लोकांची एक टोळी बांधली आणि हुकूम सोडला, कचेरी विरुद्ध शाळा असा सामना होऊन जाऊ द्या. लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची दोन कडी करून घेतली, ती बाभळीच्या खांबांवर ठोकली. शाळेच्या मैदानावर मी स्वतः फक्कीच्या रेषा मारल्या. शिट्टीही अर्थात माझ्याच गळ्यात आली.

शाळेकडून खेळायला मला चारच मास्तर जमवता आले. पाचवा म्हणून साहेबांनी आपला पेशकार उसना दिला. पेशकाराचं काम साहेबांच्या शेजारी उभं राहून कागदांच्या मिसली हातात देण्याचं. वीस वर्षं तो तेच करत आलेला. साहेबांनी मान वर न करता नुसता हात पुढे केला, की त्यात नेमकी हवी ती मिसल पडायची. दोन्ही हातांनी, कमरेत किंचित वाकून.

आता ज्या नियमामुळे हे सगळं रामायण झालं, तो सांगतो. चेंडू बाहेर गेला की एकानं रेषेच्या बाहेर उभं राहून तो आत फेकायचा. समोरच्यानं आत राहून हात वर करावेत, उड्या माराव्यात, काय नाचायचं ते नाचावं. पण चेंडू आत येईपर्यंत हात रेषेपलीकडे न्यायचा नाही. नेला तर पहिल्यांदा ताकीद. पुन्हा नेला तर दंड, म्हणजे समोरच्या पक्षाला एक मोकळी फेक, ती पडली तर एक गुण. हा नियम मी दोन्ही पक्षांना तीनदा समजावला होता. साहेबांना समजावण्याची गरज नव्हती, त्यांना तो माझ्याआधी ठाऊक होता.

बाजारचा दिवस होता. तेलगाव-दिंद्रुडची माणसं बैल सोडून, पिशव्या पायात धरून बघायला बसली होती. अर्धा खेळ झाला आणि चेंडू पेशकाराच्या हाती रेषेबाहेर आला. समोर साहेब. साहेबांनी खेळाच्या भरात दोन्ही हात रेषेपलीकडे लांब केले.

पेशकारानं हात पाहिला. कमरेत किंचित वाकला. आणि दोन्ही हातांनी चेंडू साहेबांच्या हातात ठेवला.

साहेबांनी वळून तो कड्यात टाकला. दोन गुण.

"अबे, चेंडू हातात ठिवून दिला की बे!" मागून एक शेतकरी ओरडला आणि मैदानभर हशा पिकला. पेशकार बिचारा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. "हात पुढं आला ना मास्तर," तो मला म्हणाला, "मंग मी काय करू?"

शिट्टी माझ्या ओठांत होती. वाजवायची ती तेव्हाच. पण मला टेबलावरचा तो कागद दिसला, तलवाड्याची वाट दिसली, आणि मी शिट्टी गिळली. हसायला आल्यासारखं करून दुसरीकडे बघितलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला अजून आठवलं तरी कान तापतात.

खेळ संपत आला तेव्हा शाळा एका गुणानं मागे होती. चेंडू पुन्हा पेशकाराकडे. साहेबांचे हात पुन्हा रेषेपलीकडे. आणि वीस वर्षांची सवय ती! चेंडू पुन्हा दोन्ही हातांनी, अदबीनं, साहेबांच्या स्वाधीन.

या वेळी शिट्टी वाजली. मीच वाजवली, पण ती ऐकून सगळ्यांत जास्त मीच दचकलो.

"हुजूर, हात रेषेपलीकडे होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पायाखालच्या फक्कीकडे पाहिलं आणि चेंडू परत दिला. हेडमास्तर धावत आले. "दंड द्या! दुसरी खेप हाय ही!" पण पहिल्या खेपेला ताकीदच दिली नव्हती, तर दंड कुठून देणार? मी पडेल आवाजात ताकीद दिली. चेंडू आत आला, वेळ संपली, आणि शाळा एका गुणानं हरली.

नोकरी गेली, असं धरूनच मी दुसऱ्या दिवशी कचेरीत उभा राहिलो. साहेबांनी न बघता हात पुढे केला. पेशकारानं त्यात माझा कागद ठेवला.

"हात किती दफा उधर गया?" साहेबांनी विचारलं.

"दोनदा, हुजूर."

"और शिट्टी?"

"एकदा."

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "दुसरीके वास्ते मुस्तकिल. पहलीके वास्ते छे महिने ठहरो." माझी शिफारस झाली होती, पण सहा महिन्यांनंतरची. मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज मात्र पोटभर वाटली.

आखाड सरल्यावर बायको नांदायला आली. पहिल्याच संध्याकाळी मी तिला सामन्याची सगळी हकीकत सांगितली. पेशकार कमरेत कसा वाकला ते करून दाखवलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून लई हसली. मग शिट्टीचं सांगितलं. सहा महिन्यांचंही सांगितलं. तिचं हसू थांबलं.

"खेळ कवा झालता हो?"

"संक्रांत झाल्यावर."

कोपऱ्यातल्या आपल्या पत्र्याच्या ट्रंकेकडे ती बघत राहिली.

"संक्रांतीलाच भरून ठिवलती मी ती," ती म्हणाली. "पयल्यांदाच फुकायची न्हाई का?"