कान नसलेली बंदूक

शेजारच्या दिनकररावांच्या टेबलावर परवा त्यांनी घडवलेली नवी बंदूक होती. कॅनडात फरचा व्यापार चाले, तेव्हा शिकाऱ्यांना बीव्हरच्या कातड्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या बंदुकीची ही प्रतिकृती. गारगोटीची ठिणगी ज्या भोकातून दारूपर्यंत पोचते, त्याला आपल्याकडे बंदुकीचा कान म्हणतात. दिनकररावांनी तो पाडलेलाच नाही, त्यामुळे ही बंदूक कधीच उडणार नाही.

"कान नाही तिला. अगदी यांच्यासारखी," त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या.

गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी याआधी दोनदा बिघडली होती. या तिसरीला दिनकररावांनी स्वतःच तापवून पाणी दिले होते. "आता नाही पडली ठिणगी, तर सोडून देणार. हात कापतात हल्ली," असे म्हणून दिनकररावांनी चाप ओढला.

ठिणग्यांचा पांढरा झुबका सांडला आणि विझला. दगड आणि पोलाद, बाकी काही नाही. एवढ्याच्या भरवशावर माणसे गोठलेल्या नद्यांच्या काठी हिवाळा काढत होती. 

कोल्हापुरातल्या त्या खोलीत वहिनींनी उठून खिडकीचा पडदा ओढून अंधार केला. "परत चाप ओढा हो," त्या हळूच म्हणाल्या.