गोदूबाईचा खड्डा

दुसऱ्या कोणाला ‘जा खड्ड्यात’ म्हटलं तर भांडण होतं. इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत मात्र माणसं सकाळी अंघोळ करून खड्ड्यातच जात. माग जमिनीला टेकलेला, त्याच्यापुढं कमरेएवढा खड्डा. त्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं दांड्या दाबत लुगडं विणायचं. बाबूलालचा बाप तसा बसला, बाबूलालही बसला. त्याची बायको गोदूबाई मात्र वीस वर्षं बाजूला बसून नुसत्या सुताच्या कांड्या भरत राहिली.

एकाहत्तर साली पॉवरलूमपुढं हात टेकून बाबूलालनं माग विकला आणि एका गोदामावर चौकीदारी धरली. माग गेला, खड्डा राहिला. खड्डा कोण विकत घेतो, सांगा!

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. गोदूबाई सहज खड्ड्यात पाय सोडून बसली. माती थंडगार होती. आणि मागाच्या खटखटीत जे कधी नीट दिसलं नव्हतं ते तिला दिसू लागलं, एक नवा काठ. करवती काठ सगळ्यांनाच ठाऊक. नुसते दात, दातापुढं दात. तिला वाटलं, अरे, एवढे दात आहेत, मग दाणे कुठं आहेत? तिचा सगळा जन्म त्या म्हणीत गेला होता, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आपल्या काठात दर दोन दातांमध्ये एक दाणा असंल, तिनं ठरवलं. एकही दात उपाशी ठेवायचा नाही.

सोपं वाटतं? करून पाहा! पोरीच्या, नीलाच्या, गणिताच्या चौकडीच्या वह्या तिनं घेतल्या. एक चौकट म्हणजे एक धागा. लाल-निळ्या पेन्सिलनं चौकटी भरायच्या, मोजायच्या, खोडायच्या. पदराच्या कोपऱ्यावर काठ वळला की दाणा अर्धा तुटायचा. तो तुटलेला दाणा जोडण्यात नऊ वर्षं गेली. खड्ड्यात तिनं बसायला बोरी टाकली, पाण्याचा गडवा ठेवला. खड्ड्याच्याच भिंतीत, वरून न दिसणाऱ्या ज्या कोनाड्यात बाबूलाल कांड्या ठेवायचा, तिथं बिस्किटाच्या डब्यात वह्या आणि पेन्सिल. स्वयंपाकघरात ती सगळ्यांची होती. इथं तेवढी स्वतःची.

शेजारची वच्छलाबाई दारातून ओरडायची, “गोदू कुठं गेली वं नीला?”

“खड्ड्यात!” नीला सांगायची, आणि गल्ली हसायची.

बाबूलाल हसत नसे. त्याला वाटायचं, बिचारी मागाचा शोक करून राहिली. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फार पूर्वी एकदा तिनं काठाचा एक रंग सुचवला होता, तेव्हा तो म्हणाला होता, “तू कांड्या भर वं.” ते तिला लागलं होतं. आता कापडावर उतरलं की मगच दाखवीन, असं तिच्या मनात होतं.

ऐंशी साली कोपऱ्यावरचा दाणा अखेर अख्खा आला. विणकर सोसायटीत काठांचे नक्शे पाहणाऱ्या भैयाजींना ती भीत भीत जाऊन सांगून आली. ते आधी हसले, मग ऐकता ऐकता पुढं सरकून बसले. “वहिनी, सोमवारी नक्शा घेऊन या. मागावर बसला तं विणूच. तुमच्याच नावानं.”

बाई त्या दिवशी घरी चालत नाही आली, उडत आली!

रविवारी नीलाचा साखरपुडा होता. भावाला बोलवायला गोदूबाई दोन दिवस उमरेडला गेली. शनिवारी परतली तर बाबूलाल दारातच उभा. हाताला सिमेंट, बोटाला चिंधी.

“डोळे मीट,” तो म्हणाला. “आता उघड.”

घरभर शहाबादी फरशी होती. खड्डा नव्हता.

“मुरूम मीच टाकला, धुम्मसही मीच मारलं. पाहुणे कुठं बसतीन, मनलं. अन् आता तुले त्या खड्ड्यात बसून झुरा लागत नाही, गोदू.”

“अन् कोनाडा?” तिनं विचारलं.

“कोनाड्यात काय होतं?”

माग गेल्यापासून तो माणूस असा हसला नव्हता. गोदूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, त्या चिंधीकडं पाहिलं.

“काही नाही, जी. जुन्या कांड्या.”

सोमवारी ती चुलीपाशी कागद घेऊन बसली. दाणा पुन्हा अर्धाच आला. भैयाजींकडं ती गेलीच नाही. नीला सासरी गेली. दुपारी गोदूबाई फरशीवर पाय पसरून बसायची, आणि पाय खाली जायला जागा शोधत राहायचे.

चार वर्षांनी इतवारीत भैयाजींनी बाबूलालला गाठलं. “काहो, वहिनी नक्शा घेऊन आल्याच नाहीत? दातात दाणा म्हणे! तसा काठ मी जन्मात ऐकला नोहता.”

तिचं ते ‘अन् कोनाडा?’ बाबूलालला आता कळलं आणि तो सब्बल घेऊनच घरी आला. त्यानं खड्ड्यावरची फरशी उचकटली.

“अजी, राहू द्या!” गोदूबाई आडवी आली.

“तवाच काहून नाही सांगतलं?” तो ओरडला. रडतच ओरडला.

“तुम्ही किती खुश होते, जी.”

त्यानं कोनाड्यापर्यंत खणलं. डबा गंजून फुटला होता, आणि वह्यांचा ओल लागून लगदा झाला होता. पेन्सिल तेवढी निघाली. ती धोतराला पुसून बाबूलाल तसाच त्या अर्ध्या खड्ड्यात पाय सोडून बसला. नीलाच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका त्यानं मांडीवर उलटी केली.

“सांग. मी लिहितो. पह्यले लाल किती?”

“दोन लाल,” गोदूबाई म्हणाली. “मंग एक निळा.”

“मंग?”

ती बोटांवर मोजत राहिली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“मंग, गोदू?”

“मले आता नाही आठवत, जी,” ती म्हणाली.